अंग झाडेपर्यंत

सात रस्त्याच्या मागच्या गल्लीतल्या त्या हॉस्पिटलात किरणांचं मशीन तळघरात होतं. वर ओपीडीत पंखे गरम हवा फिरवत असायचे आणि खाली एसीमुळे पेशंट कुडकुडायचे. मशीन चालवणारी प्रियदर्शनी भर उन्हाळ्यात स्वेटर घेऊन कामाला निघायची, तेव्हा शेजारणी हसायच्या. ती शहराच्या पूर्व भागातली, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली. माणसांपेक्षा यंत्रावर तिचा विश्वास जास्त. यंत्र बिघडतं, पण खोटं बोलत नाही, असं ती म्हणायची आणि त्यावर वाद घालायलाही तयार असायची.

गुंडामामा तिथे आला तो उन्हाळ्याच्या तोंडाला. सांगोल्याकडचा मेंढपाळ, उंच आणि वाळका, मानेवर डाव्या बाजूला, कानाच्या खाली लिंबाएवढी गाठ. बरोबर बायको, कस्तुराबाई. डॉक्टर उदयसिंहांनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. गाठीच्या पोटात रक्त पोचत नाही, हवा पोचत नाही, म्हणून तेवढा भाग किरणांना दाद देत नाही. तेव्हा आधी गोळ्या घ्यायच्या, तासदीड तास थांबायचं आणि मग मशीन.

"गोळीने गाठ हळवी होते," डॉक्टर म्हणाले. "मग किरण लागतात."

"म्हंजी आदी तिला राजी करायचं," कस्तुराबाई म्हणाली.

डॉक्टर हसले. "तसंच समजा."

ते सहज बोलून गेले. कस्तुराबाई मात्र तसंच समजली.

मान हलू नये म्हणून गुंडामामाच्या चेहऱ्यावर आणि मानेवर प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा बसवला होता. रोज तो चढवून टेबलाला पक्का करायचा, जाड दार लावायचं आणि बाहेरच्या छोट्या खोलीत पडद्यासमोर बसून बटण दाबायचं, हे प्रियदर्शनीचं काम. आतलं सगळं पडद्यावर दिसे, आतला आवाज बाहेर येई. त्या खोलीच्या उघड्या दारासमोरच नातेवाइकांचा बाक होता.

पहिल्याच आठवड्यात तिने पाहिलं, कस्तुराबाई बाटलीतलं पाणी हातावर घेऊन नवऱ्याच्या मानेवर शिंपडत होती.

"मावशी, पाणी नको तिथे. किरणांनी कातडी नाजूक होते."

"दोन थेंब, ताई. झाडतंय का बगते."

"काय झाडतंय?"

कस्तुराबाईने तिच्याकडे पाहिलं. शिकलेल्या पोरीला एवढंही ठाऊक नाही, असं काहीसं. "बिरोबाला मेंढरू द्यायचं म्हंजी तशीच सुरी फिरवत न्हाईत. पाणी शिंपडायचं आन् थांबायचं. त्यानं अंग झाडलं की ते राजी हाय. तवर कुणी हात लावत न्हाय."

"आणि नाहीच झाडलं तर?"

"कळपातलं दुसरं आणायचं. ज्यानं झाडलं, तेच जातं."

गुंडामामा मान खाली घालून ऐकत होता. बायकोपुढे बोलायची त्याला सवय नसावी.

त्या दिवशी पडद्यावर जाळीच्या भोकांतून गाठ दिसत होती. खांदे स्थिर, श्वास संथ. प्रियदर्शनी बटण दाबणार, तेवढ्यात गाठीवरची कातडी थरथरली. फक्त तेवढीच. माशी बसली की जनावराचं कातडं थरथरतं, तशी.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिने डॉक्टरांना विचारलं. थंडीने एखादा स्नायू उडतो, ते म्हणाले. तिला पटलं. फक्त थंडी सगळ्याच पेशंटना सारखी होती.

गाठ उतरू लागली. मुखवटा डावीकडे सैल झाला. उपचार आटोपून दार उघडलं की आतून ओल्या लोकरीचा वास यायचा. प्रियदर्शनीने एसीची जाळी दोनदा साफ करून घेतली. वास गेला नाही. आणि कधी लागली कळलं नाही, पण तिला एक सवय लागली. बटणावर बोट ठेवून ती गाठ थरथरायची वाट पाहायची. कुणी हटकलं असतं, तर मशीन तपासतेय म्हणाली असती.

मग गोळ्या गुंडामामाला सोसेनात. मळमळ, उलट्या, पोटात अन्न ठरेना, सदरा अंगावर लोंबायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. नुसते किरण चालू ठेवले.

त्या दिवसापासून गाठ थरथरली नाही. प्रियदर्शनी थांबायची आणि शेवटी तशीच बटण दाबायची. गाठ होती तिथेच अडली, मग हाताला पुन्हा टणक लागू लागली. मामा हातचा जातोय, असं डॉक्टर तिच्याजवळ हळूच बोलले. या दोघांचा तिला लळा लागला होता. कस्तुराबाई तिच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधून आणायची, खाताना समोर बसून राहायची.

"ते राजी न्हाय आता," एकदा भाकरीचं फडकं आवरताना कस्तुराबाई म्हणाली.

"मावशी, असं काही नसतं. मशीन आपलं काम करतंय."

"मग तुमी रोज कशापायी थांबता? मी हितनं बगते की."

प्रियदर्शनी उठून हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी गुंडामामाला आत झोपवून ती पडद्यासमोर बसली. गाठ स्थिर होती. समोर बाकावर कस्तुराबाईने मानेवरचा पदर बाजूला केला, बाटली उचलली आणि सगळं पाणी स्वतःच्या मानेवर ओतलं. डोळे मिटून बसून राहिली.

"मावशी, काय करताय हे?"

कस्तुराबाईने बाटली खाली ठेवली. आणि मग तिने अंग झाडलं. डोक्यापासून कमरेपर्यंत, एकदाच. पाण्यातून निघालेलं जनावर झाडतं तसं. समोरच्या भिंतीवर थेंब उडाले.

"दाबा, ताई," ती म्हणाली.

प्रियदर्शनीने दाबलं. का दाबलं, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. मामा आत मुखवट्याखाली अडकून पडला होता, आणि बटण दाबणं हेच तिचं काम होतं.

गाठ विरघळली. शेवटच्या तपासणीत तिचा मागमूस नव्हता. कधी कधी किरणांचा परिणाम उशिरा दिसतो, डॉक्टर म्हणाले आणि खूश झाले. गुंडामामा जाताना पाया पडायला वाकला, तेव्हा प्रियदर्शनी पटकन मागे सरली.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं पुन्हा आली. या वेळी केसपेपर कस्तुराबाईच्या नावाचा होता.

गाठ मानेवर डाव्या बाजूला, कानाच्या खाली होती.

"दोघांनाही मिश्रीची सवय," डॉक्टर उदयसिंह म्हणाले. "यात नवल नाही." प्रियदर्शनीने मान हलवली. खरंच नवल नव्हतं. पण त्या दिवशी तिला डबा उघडवेना.

पुन्हा त्याच गोळ्या, पुन्हा नवा मुखवटा. कस्तुराबाईला गोळ्या पहिल्या आठवड्यातच नडल्या आणि बंद कराव्या लागल्या. गाठ जागची हलेना. गुंडामामा रोज बरोबर यायचा, पण फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसायचा. तळघरात त्याला येऊ द्यायचं नाही, असं कस्तुराबाईनेच बजावलं होतं.

"पान्याच्या बाटलीला त्यास्नी हात लावू देऊ नका, ताई. भोळा मानूस हाय. करंल कायबी."

"तुम्हाला बरं व्हायचंय ना, मावशी?"

"व्हय की. कुणाला नको वाटतं?" ती म्हणाली. थोडा वेळ तिने टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "आज तुमी शिंपडा. बटनावर हात तुमचाच असतो."

तिचं समाधान व्हावं एवढ्याचसाठी प्रियदर्शनीने तळव्यावर पाणी घेतलं आणि तिच्या गाठीवर शिंपडलं. काहीच झालं नाही. मग मुखवटा चढवला, पक्का केला, दार लावलं.

बाहेरच्या खोलीतला एसी सकाळपासून बंद पडला होता. उकाड्याने जीव कासावीस झाला होता. प्रियदर्शनीने ओला तळवा नकळत मानेवरून फिरवला. गार वाटलं. ती खुर्चीवर बसली आणि तिने बटणावर बोट ठेवलं.

पडद्यावर गाठ स्थिर होती.

ती थांबली.

ओल्या लोकरीचा वास आला. आतलं जाड दार तर बंद होतं.

गाठ स्थिरच होती.

तिच्या डाव्या कानाखाली काहीतरी थरथरलं. मग खांदे, मग पाठ. तिने काही केलं नव्हतं. ते आपलं आपण झालं, एकदाच, आणि थांबलं.

आतून मुखवट्याखाली दबलेला, सुटल्यासारखा आवाज आला.

"झाडलं की, ताई. दाबा."

कस्तुराबाईला आत कुठलाच पडदा दिसत नव्हता. प्रियदर्शनीने समोर पाहिलं. पडद्याच्या काचेवर, तिच्या बाजूने, पाण्याचे थेंब उडाले होते.