चांगुणाबाईचा अर्ज

घोटीच्या बाजारपेठेत, ऐन गर्दीत, आमची चार मजल्यांची इमारत आहे. खाली तांदळाची दुकानं, वर आम्ही. भाताच्या कोंड्याचा वास घरात बारा महिने असतो; पाहुणे पहिल्या दिवशी नाक मुरडतात, दुसऱ्या दिवशी विसरतात. कचेरीत छत्तीस वर्षं कारकुनी करून मी इथे चौथ्या मजल्यावर राहायला आलो आणि लोकांनी मला सोसायटीचा सचिव केलं. कागदाची हौस असलेला माणूस फुकट मिळाला, तर कोण सोडतो?

त्या हौसेपायी मी लिफ्टशेजारी सूचना लावली : 'कामगारांनी लिफ्ट वापरू नये. हुकुमावरून.' हुकूम कोणाचा, हे कोणी विचारलं नाही.

जिना धुवायला चांगुणाबाई यायची. साठी ओलांडलेली. नळ तळमजल्यावर आणि जिना धुवायचा वरून खाली; म्हणजे भरलेली बादली आधी चौथ्या मजल्यावर न्यायची. ऑगस्टमध्ये एकदा म्हणाली,

"भाऊसाहेब, गुडघा लय धरलाय. बादली तेवढी लिफ्टनी नेऊ का?"

"तोंडी चालत नाही, बाई. अर्ज द्या."

"मला कुठं लिवता येतं?"

"अंगठा तर आहे ना?"

हे मी विनोदानं म्हटलं होतं. तिनं खरंच दुसऱ्या मजल्यावरच्या सृष्टीकडून अर्ज लिहून घेतला, खाली अंगठा उठवला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी शेरा मारला, 'पुढील सभेत ठेवावा', आणि कागद फाइलला लावला.

सभेला नऊ दिवस होते. सहाव्या दिवशी सकाळी साडेअकराला ती तिसऱ्या मजल्यावर दम खायला बसली, ती उठली नाही. कलंडलेल्या बादलीतलं पाणी पायऱ्या उतरत दुकानांपर्यंत आलं, तेव्हा आम्हाला कळलं.

दहाव्याच्या दिवशी सृष्टीनं विचारलं, "काका, त्या अर्जाचं काय झालं होतं?"

"तो कधीच मंजूर केला होता," मी म्हणालो. "तीच आली नाही विचारायला."

"कधीतरी दाखवा मला तो कागद," पोरगी म्हणाली आणि निघून गेली.

तेव्हापासून रोज साडेअकराला लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबते. बटण कोणी दाबलेलं नसतं. दार उघडतं, बराच वेळ उघडं राहतं, मग मिटतं. मेकॅनिक दोनदा येऊन गेला. त्याला दोष सापडला नाही.

एकदा मी आत होतो. खाली बाजार भरलेला, भाजीवाल्यांच्या हाका. दार उघडलं आणि तो सगळा आवाज एकदम थांबला. फिनेलचा वास आला. समोर कोणी नव्हतं... पण उंबऱ्यापाशी कोणीतरी श्वास आवरून उभं आहे, परवानगीशिवाय पाऊल आत टाकणार नाही, असं वाटलं. 'या' म्हणायला एक अक्षर लागतं. मी दार बंद करायचं बटण दाबलं.

त्याच दिवशी अर्जावर लिहिलं : 'मंजूर.' सही केली. आणि तारीख टाकली मागची, ती गेली त्याच्या दोन दिवस आधीची. सवय, दुसरं काय. कागद स्वच्छ दिसला की कारकुनाला झोप लागते.

सकाळी फाइल उघडली. 'मंजूर' कोरडं होतं, सही कोरडी होती. तारीख तेवढी पुसलेली. तिथे ओल्या अंगठ्याचा ठसा, रेषान् रेषा दिसणारा. मी पुन्हा तीच तारीख टाकली. पुन्हा पुसली गेली. असं चारदा झालं.

"अहो, ही फाइल सारखी ओली कशी होते?" उज्वला, माझी बायको, म्हणाली.

"भिंतीला ओल आहे," मी म्हणालो.

खरी तारीख टाकली की हे थांबेल, एवढं मला कळतं. पण मग तो कागद सृष्टीला दाखवावा लागेल. तीन महिने झाले, माझा हात काही तिथवर जात नाही.

आज सकाळी पाहिलं, तर ठसा नव्हता. तारीख होती. अक्षर माझंच, आकड्यांची वळणंसुद्धा माझी; मी मात्र लिहिलेली नाही. ३० नोव्हेंबर.

म्हणजे उद्या. पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा शेवटचा दिवस. बँकेत स्वतः जायला हवं, साडेअकराच्या आत घरी परतणं काही होत नाही. आणि उद्या लिफ्ट दिवसभर दुरुस्तीसाठी बंद आहे. सर्वांनी जिना वापरावा, अशी सूचना खाली मीच लावून आलोय.