खोंडेबाईंची हस्तलय

खंडेनवमी म्हणून खोंडेबाईंनी कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे एक पत्र स्वतःच्या हातानं टाईप करायला बसल्या. एरवी तांबेवाडी धरणाच्या कार्यालयात ती वेळ यायची नाही. पाण्याच्या पातळीची रोज शंभर पत्रं जायची आणि ती सगळी एक स्क्रिप्ट धाडायची. स्क्रिप्ट म्हणजे छोटीशी आज्ञावली. ती बाईंच्या संगणकावरचं मेल उघडायची, बाईंच्या नावानं आत शिरायची आणि पत्र पाठवून मोकळी व्हायची.

बाईंनी चार शब्द बडवले नाहीत तोच लाल पट्टी आली. ‘प्रवेश नाकारला. आपण विजया खोंडे नाही.’

“अगं बाई! मी नाही, तर कोण मग?” बाई हसल्या.

अभियंता इर्शाद मुलाणी हसला नाही. त्याच क्षणी स्क्रिप्टलाही नकार आला होता. वर घाटात सकाळपासून पाऊस कोसळत होता. चारला दरवाजे उघडणार होते; थांबवले तर बांधच गेला असता. आणि खाली नदीपात्रात ऊसतोड कामगारांची चाळीस पालं होती, बायकापोरांसकट. चारच्या आत इशारा गेला नाही तर सगळे वाहून जाणार. घड्याळात तीन वीस झाले होते.

“फोन लावा ना साहेब!”

“लावला. मुकादम म्हणतो, आवाज कुणाचाही काढता येतो. गेल्या साली खोट्या आवाजांनी त्यांना दोनदा पळवलं आणि मागे पालं लुटली. आता भोंगा वाजल्याशिवाय ते हलत नाहीत, आणि भोंगा वाजतो तो फक्त तुमची हस्तलय असलेल्या पत्रानं. जीप सोडलीय, पण साडेचारशिवाय पोचत नाही ती.”

हस्तलय आता शेंबड्या पोरालाही ठाऊक. बोटं कळांवर कुठे रेंगाळतात, कुठे घाई करतात, यावरून माणूस ओळखायचा. यंत्रांच्या खोट्या पत्रांनी उच्छाद मांडल्यापासून बँक, दवाखाना, घरची पत्रं, सगळीकडे मेलनं टिपलेली हीच एक सही चालायची.

मुलाणीनं मेल बंद करून उघडलं. नकार. संगणकच बंद करून पुन्हा सुरू केला. नकार. “कुंकू गेलंय कळांत, दुसरं काय!” तो डाफरला आणि त्यानं दुसरा कीबोर्ड जोडला. बाईंचा चेहरा उतरला. तरीही नकारच. तीन पस्तीस.

मग त्यानं प्रवेशांची नोंद उघडून वाचली.

“बाई, चूक माझीय. तीन वर्षांपूर्वी तुमची लय एकदा टिपून मी स्क्रिप्टला शिकवली. नियमात बसत नव्हतं, पण रोज शंभरदा तुम्हाला कुठे बसवायचं? या मेलची खोड अशी, की दर प्रवेशाला ते माणसाची लय नव्यानं शिकतं. स्क्रिप्ट लाखभर वेळा आली, तुम्ही वर्षातून एकदा. तिची लय सरकत गेली, तसं मेलही तिच्यामागे गेलं. गेल्या खंडेनवमीला थोडक्यात निभावलं. आता त्याच्या लेखी विजया खोंडे ती आहे आणि तुम्ही तोतया. तोतया दिसला म्हणून त्यानं स्क्रिप्टची वाटही बंद केलीय. आता खऱ्या बोटांनीच शिरता येईल.”

“माझीच बोटं त्याला चालत नाहीत, मग कुणाची?”

“तुमचीच. पण तिच्यासारखं टाईप करा.”

त्यानं स्क्रिप्टची लय ध्वनिवर्धकावर लावली. चाल बाईंचीच होती. पण बाईंच्या उजव्या तर्जनीचा सांधा धरलेला, ते बोट नेहमी जरा उशिरा पडायचं. तो उशीर यंत्रानं केव्हाच झटकून टाकला होता.

पहिला प्रयत्न फसला. दुसराही. ‘शेवटची संधी,’ पट्टी म्हणाली. तीन अठ्ठेचाळीस. मुलाणी टेबलावर ठेका धरू लागला. बाईंनी डोळे मिटले, दातांवर दात रोवले आणि ते दुखरं बोट वेळेवर पाडलं. एकदा, दोनदा, दहादा. कळ मस्तकात गेली, डोळ्यांतून पाणी आलं.

‘स्वागत, विजया खोंडे.’

तशाच ठेक्यात बाईंनी इशारा लिहून पाठवला. दोन मिनिटांत खाली भोंगा वाजला. कॅमेऱ्यात माणसं पोरांना खांद्यावर टाकून काठ चढताना दिसली. चारला दोन मिनिटं कमी असताना मुकादमाचा फोन आला, “समदी वर आलीत, साहेब!” मुलाणी ओंजळीत तोंड खुपसून रडला. मग पाणी सुटलं.

“उद्या सगळं वरिष्ठांना सांगतो,” तो सावरून म्हणाला. “नोकरी गेली तर जाऊ दे.”

बाई सुजलेलं बोट चोळत होत्या. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. लेक दुबईला. फोनवरचा आवाज आताशा तिला खरा वाटत नाही, म्हणून तिला रोज सविस्तर पत्र लिहायचं बाईंनी ठरवलं होतं.

“साहेब, एवढंच सांगा,” त्या म्हणाल्या, “लेकीला मी लिहिलंय हे पटायला पत्र कुणाच्या हातानं लिहू? माझ्या, की या स्क्रिप्टच्या?”