माहेरचं माणूस

दार नीट लावून घ्या आधी. हां, आता बसा. दूध नाहीये घरात, कोरा चहा चालेल ना? तर तुम्ही मला विचारताय, ‘स्वरालीताई, तुम्ही कार्यक्रम का बंद केले?’ सांगते. मधे बोलू नका मात्र.

वीस वर्षं मी मराठवाडाभर हिंडून बायकांची गाणी गोळा केली, स्टेजवर गायली. पाळणे, हळदीची, दळणाची, सगळी होती. फक्त मयताचं रडणं नव्हतं. आपल्याकडं कुणी गेलं की म्हाताऱ्या हेल काढून त्याचं सगळं आयुष्य गात रडतात ना, ते. पण कुणाच्या दारात मयत असताना माईक कसा धरणार? म्हणून पडेगावच्या वच्छलाबाईकडं गेले. ऐंशीच्या पुढची, पण रडावं तर हिनंच, असा तिचा लौकिक. माघातली दुपार होती. अंगणात तूर वाळत घातलेली.

“असंच कसं रडू, माय? नाव घेतल्याबिगर हेल निघत नाय.”

“माझ्या वडिलांचं घ्या. वारले ते.”

“त्यांचं रडून झालं. दोनदा रडत नसतेत.”

माझा हावरटपणा बघा. म्हटलं, “मग माझंच घ्या. स्वराली.” वर हसलेसुद्धा. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

म्हातारीनं हातातली तूर खाली टाकली. मग डोक्यावर पदर ओढला आणि सुरू झाली. काय आवाज हो! ‘स्वराली गं माय, तुझा चहा ओट्यावर निवला...’ सकाळी अर्धा टाकलेला माझा चहा खरंच ओट्यावर होता. तिला कुणी सांगितलं? घरात उदबत्ती नव्हती, तरी उदबत्तीचा वास दाटला. मी उठायला गेले तर पाय उचलेनात. आणि लाज वाटते सांगायला, तेव्हाही मी रेकॉर्डिंग नीट होतंय ना, हेच बघत होते.

मधेच ती थांबली.

“आई हाय का?”

“आहे. फर्दापूरला असते.”

तिनं तोंडावर पदर दाबला. “मग थांबावं लागतंय. माहेरचं माणूस आल्याबिगर बाईचं मयत उचलत नसतेत.”

एवढं बोलून ती तूर हलवायला उठली. माझे पाय मोकळे झाले.

रेकॉर्डिंग सतरा मिनिटांचं होतं. दुसऱ्या दिवशी लावलं तर एकवीस. त्या चार मिनिटांत आणखी एक बाई रडत होती, माझंच नाव घेऊन. तिसऱ्या दिवशी तिघी होत्या. पुसून टाकलं, तर पुन्हा तिथंच. शेवटी रेकॉर्डर बंद करून ज्वारीच्या डब्यात पुरला. तरी डब्यातून ऐकू येतं. आत्ताही... ऐकलंत? बरं, नसेल आलं तुम्हाला.

तशीच पडेगावला पळाले. वच्छलाबाई उंबऱ्यातच बसली होती. “मी त्याच दिशी थांबले, पोरी. आता कोण रडतंय ते मला इचारू नको. आईला तेवढं येऊ देऊ नको.”

आठ महिने झाले त्याला. आई म्हणाली, गौरीला येते. मी म्हटलं, घराचं रंगकाम काढलंय. मग म्हटलं, दौऱ्यावर आहे. मीही तिकडं जात नाही. परवा फोनवर रडली बिचारी. “मी काय केलं गं तुझं?” काय सांगू? एकुलती एक मी. आई हवी आहे हो मला, फार हवी आहे. आणि मी इथं दार लावून बसलेय, तिच्याच भीतीनं.

थांबा, तिचाच फोन.

“हां, आई... कुठं? खाली? नको, वर येऊ नको! आई, माझं ऐक...”

ऐकताय ना तुम्ही? केवढ्यानं बोलतेय बघा. खुशीत आहे.

“तू नाही म्हणशील म्हणून न सांगताच निघाले. पण काय गं, तुमच्या जिन्यात एवढ्या बायका कशाला बसल्यात? मला बघून सगळ्या उठल्या की. वाट देतायत मला.”

...डबा गप्प झालाय. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

अहो, बेल वाजली तरी उघडू नका. तुम्हीच जाऊन दार अडवून उभे राहा. मला उठता येत नाहीये.