मशीन शॉपचा शून्य

गोड बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय. मधुसूदन तर गोड बोलायचा आणि वर हसायचाही.

एकोणऐंशी सालचा श्रावण. पिंपरीतल्या आमच्या कंपनीत सूचनापेटी माझ्याकडे होती. कामगाराला नवी युक्ती सुचली की त्यानं चिठ्ठी टाकायची, मी नोंद करायची. हा पुण्याहून भिजत आला आणि ओली छत्री माझ्याच टेबलाला टेकवून म्हणाला, "एकोणीस देशांचा अभ्यास करतोय. काही देशांत नवे शोध जास्त का लागतात... शिक्षणामुळे, इंजिनियरांमुळे, की संशोधनावरच्या खर्चामुळे? आकड्यांतून शोधायचंय."

"मग पिंपरीत काय काम?"

"देश म्हणजे शेवटी अशा पेट्याच ना. मशीन शॉपमधून वर्षात किती सूचना आल्या?"

"शून्य."

धडधडीत खोटं होतं ते. माझे बाबा, यशवंतराव, तिथंच लेथवर होते. त्यांनी घरी कानशीनं घासून एक लोखंडी पकड बनवली होती, तासाचं काम वीस मिनिटांत व्हायचं. चिठ्ठी त्यांनी टाकली होती, मीच ती परत दिली. साहेबांना कळलं असतं तर शॉपमधली निम्मी माणसं घरी बसली असती. बाबा पकड डब्याखाली दडवून न्यायचे.

मधुसूदन दर आठवड्याला येऊन तेच विचारायचा, माझ्या वेणीतल्या अबोलीकडे बघत. कुठंतरी पाणी मुरतंय, हा साहेबांचाच माणूस, असं मी ठरवून टाकलं.

पाचव्या आठवड्यात शिफ्ट सुटताना बघते तर गेटवर बाबा सायकलची चेन बसवतायत आणि डब्याची पिशवी याच्या हातात. पकड त्याच पिशवीत होती.

बाबा पुढं गेल्यावर मी त्याला गाठलं. "काय सांगणार आहात साहेबांना?"

"यशवंतराव लोखंडाची भाजी खातात, एवढंच कळलं," तो हसला. मग वही उघडली. "एवढे जाणते कारागीर आणि सूचना शून्य? गणितात बसेना. खोटा आकडा घातला की सगळं उत्तर बिघडतं, रिकामी जागा चालते."

मशीन शॉपपुढचा रकाना कोरा होता. शेजारी शेरा – माहिती मिळाली नाही. तारीख पहिल्या भेटीची.

"मग पाच आठवडे कशाला आलात?"

त्याचे कान लाल झाले. "आकड्यांसाठी नाही... गुरुवारी येऊ?"

"गुरुवारी कंपनी बंद असते."

"माहीत आहे."

तो मला आवडला होता, कधीपासूनच, म्हणून तर एवढी भीती वाटत होती. मी त्याच्याच पेनानं त्या कोऱ्या रकान्यात चिंचवडच्या घराचा पत्ता लिहिला. बाबा घरी असतील, हेही बजावलं.