पाळण्याच्या मधोमधचा आवाज

"यात कुणीही गात नाही," ढब्बू म्हणाला.

"नीट ऐक ना रे!"

"नीटच ऐकलं. पाळण्याच्या कड्या करकरतात, कुणाच्या तरी बांगड्या वाजतात, एक बाळ हुंकारतं. गाणारी बाई नाही."

केतकीने हेडफोन कानांवर दाबून धरला आणि डोळे मिटले. तिला तर आत्याआजी ऐकू येत होती. तरुण, गोड, जराशी हसरी. मग ढब्बूलाच का ऐकू येऊ नये? तो काही बहिरा नव्हता. पलीकडच्या काठावर कोंबडा आरवला तरी सगळ्यांच्या आधी त्यालाच कळायचं.

ही गोष्ट खरं तर अजून घडायची आहे. फार दूरची नाही. ती घडेल तोवर तुमच्यातले बरेच जण काका, मामा, मावशी झालेले असतील. पण घडून गेल्यासारखी सांगितली की सांगायला सोपी जाते, म्हणून मी तशीच सांगतो.

केतकीचं घर कोयनेच्या जलाशयाच्या काठाला होतं. थंडीच्या दिवसांत तिथे सकाळी पाण्यावर इतकं दाट धुकं उतरायचं, की आधी लाँचचा आवाज यायचा आणि लाँच मागाहून दिसायची. घरात केतकीचे आईबाबा, आजोबा, आजोबांची थोरली बहीण आणि ढब्बू. आजोबा ध्वनिशास्त्रज्ञ होते (आवाज कसा जन्मतो आणि कसा पसरतो, याचा अभ्यास करणारे). उभं आयुष्य त्यांनी धरणांच्या भिंतींना कान लावण्यात घालवलं होतं. बहिणीला ते अक्का म्हणत, केतकी तिला आत्याआजी म्हणे. आणि ढब्बू हा आजोबांनी जुन्या सामानातून जुळवलेला यंत्रमानव. पोट भोपळ्याएवढं, चाकं तीन आणि कान एकच. दुसऱ्या कानाचं सामान मिळालंच नव्हतं.

घरात त्या दिवशी बारसं होतं आणि बाळ मात्र चंद्रावर होतं. कैवल्यकाका चंद्रावरच्या वसाहतीत पाण्याचा अभियंता होता. तिथेच त्याला मुलगी झाली होती. आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. काकाला सख्खी बहीण नाही, म्हणून तो मान आत्याआजीकडे आला होता. संध्याकाळी चंद्र उगवला की बारसं करायचं ठरलं होतं. काकाचं मागणं एकच होतं. "माझ्या बारशाला आत्यानं म्हटलेला पाळणा हिलाही ऐकू दे."

तो पाळणा एका जुन्या सीडीवर होता. सीडी म्हणजे हाताच्या पंजाएवढी चकचकीत तबकडी. तुमच्याही घरात कुठल्यातरी खणात एखादी पडलेली असेल. ही तर कडेने पांढुरकी पडत चालली होती. पुढच्या वर्षी ती वाजली असती की नाही, कोण जाणे. आजोबांनी ती वाजवायचं जुनं यंत्र माळ्यावरून काढलं, केतकीने गाणं संगणकात उतरवलं आणि सकाळी त्याचा एक तुकडा काकाला पाठवला.

काकाचं उत्तर आलं, "कड्यांचा आवाज छान येतोय. पण आत्या कुठाय?"

म्हणून तर केतकीने ढब्बूला ऐकायला बसवलं होतं, आणि तोही तेच म्हणत होता.

आत्याआजी दारात पावटे सोलत बसली होती. मागे तिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज गेला. आता ती फक्त कुजबुजायची. घशाचे व्यायाम केले तर थोडाफार आवाज परत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण फाटक्या गळ्याने कोण गाणार, असं म्हणून तिने ते कधी मनावर घेतलं नाही. ढब्बूचं बोलणं ऐकून तिचे हात थांबले.

"तिथूनही गेला का?" ती पुटपुटली आणि पुन्हा पावटे सोलू लागली.

केतकीला एकदम रडू फुटेलसं वाटलं. त्या सीडीशिवाय आत्याआजीचा आवाज जगात कुठेच नव्हता. "आजोबा, काहीतरी करा ना!"

"मी कशाला? तू कर," आजोबा चष्मा पुसत म्हणाले. "आधी बिघाड कुठे नाही ते शोध. मग कुठे आहे ते आपोआप सापडतं."

केतकी कामाला लागली. तिने मऊ फडक्याने सीडी पुसली, आजोबांनी शिकवली तशी, मधून कडेकडे सरळ; गोल गोल नाही. पुन्हा, सावकाश वेगाने, गाणं उतरवलं. फरक पडला नाही. डाव्याचं उजव्यात आणि उजव्याचं डाव्यात घालून पाहिलं. बांगड्या इकडून तिकडे गेल्या, बाकी जैसे थे. ढब्बू आपला म्हणतोय, "बाई नाही."

"तुला दोन्ही कानांनी ती ऐकू येते ना?" आजोबांनी विचारलं. "मग एकेका कानाने ऐक."

केतकीने फक्त डावा कान लावला. आत्याआजी होती. फक्त उजवा लावला. होती! ढब्बूला नुसता डावा ध्वनी दिला, तर तोही म्हणाला, "एक बाई गाते आहे." नुसता उजवा दिला. "बाई आहे." दोन्ही एकदम दिले. "बाई गेली."

केतकी त्याच्याकडे बघतच राहिली. डावीकडे आहे, उजवीकडे आहे, आणि दोन्ही एकत्र केले की नाही! एक लाडू आणि एक लाडू मिळवले आणि ताट रिकामं झालं, म्हणजे काय?

"आता कोड्याला रंग आला," आजोबा खुशीत म्हणाले. "या सीडीवरचं गाणं स्टिरिओ आहे (दोन कानांसाठी दोन वेगळे ध्वनी). पाळण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मायक्रोफोन टांगला होता. तुझ्या हेडफोनमध्ये डावा ध्वनी डाव्या कानात जातो, उजवा उजव्या. ते एकमेकांत मिसळतच नाहीत. पण ढब्बूला कान एक आणि चंद्राकडे जायला आपल्याला ध्वनिमार्गही एकच. तिथे दोन्ही ध्वनींची बेरीज करून मोनो करावा लागतो (दोन्ही मिळून एकच ध्वनी)."

"मग नुसता डावा पाठवू या ना. त्यात आत्याआजी आहे."

"पाठव की. पण तो हुंकार कुठल्या बाजूला आहे?"

केतकीने ऐकलं. हुंकार उजवीकडे होता. तो पाळण्यातला छोटा कैवल्यकाका होता. एवढ्या गोड हुंकाराला घरी ठेवून बारसं कसं करायचं? दोन्ही बाजू हव्याच होत्या.

तेवढ्यात आत्याआजीने आतून हाक मारली, म्हणजे टाळी वाजवली. पाळणा सजवायचा होता. बाळ चंद्रावर असलं म्हणून इथला पाळणा रिकामा कसा ठेवायचा? बारशाला आधी वरवंटा पाळण्यात घालतातच. आत्याआजीने वरवंट्याला टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळलं आणि पाळण्यात निजवलं. "मी का नाही पाळण्यात?" म्हणून ढब्बू जरा फुगला.

"चल, हलवून बघू," आजोबा म्हणाले. पाळण्याच्या एका बाजूला ते उभे राहिले, दुसऱ्या बाजूला केतकी. दोघांनी उत्साहाने एकदमच ढकललं. पाळणा हलेना. केतकीने जोर लावला, आजोबांनीही लावला. कड्या कुरकुरल्या, वरवंटा ढिम्म.

आत्याआजीने कपाळाला हात लावला. "अगं, दोघं ढकलताय काय?" ती कुजबुजली. "त्यानं ढकललं की तू ओढ."

केतकीने तसं केलं आणि पाळणा असा झुलला की टोपडं वरवंट्याच्या कपाळावर आलं. पण केतकीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने पाळण्याची दांडी धरून ठेवली होती.

"आजोबा! मघाशी आपण दोघं जोर लावत होतो. जोर गेला नव्हता कुठेच. नुसता उलटसुलट होता!"

आजोबांनी संगणकाच्या पडद्यावर ते गाणं मोठं करून दाखवलं. दोन ओळी होत्या, वरची डाव्या कानाची, खालची उजव्या कानाची. दोन्हींवर लहानमोठे डोंगर आणि दऱ्या. जिथे आत्याआजी गात होती, तिथे वरच्या ओळीत डोंगर असला की खालच्या ओळीत नेमकी तेवढीच दरी होती. केतकीने खिडकीबाहेर पाहिलं. धुकं विरलं होतं, आणि पलीकडचा डोंगर पाण्यात तसाच उलटा दिसत होता.

"सीडीवर गाणं नसतं, आकडे असतात," आजोबा सांगू लागले. "आवाज म्हणजे हवेचं पुढेमागे हलणं. मायक्रोफोनमध्ये एक पातळ पडदा असतो. हवेने तो आत ढकलला गेला की अधिक, बाहेर ओढला गेला की उणे. अशी मोजमापं सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा घेतात, तीही प्रत्येक कानासाठी वेगळी, आणि सीडीवर बारीक खळग्यांनी कोरून ठेवतात. आता समज, आपल्या दोन मायक्रोफोनांपैकी एकाची वायर कधीतरी दुरुस्त करताना तिच्या आतल्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या. मग काय होईल?"

"पडदा आत गेला तरी तो मायक्रोफोन म्हणेल, बाहेर गेला! डावा म्हणणार अधिक पाच, उजवा म्हणणार उणे पाच. बेरीज..." केतकी थांबली. "शून्य."

"याला म्हणतात ध्रुवता उलटणं (अधिकाच्या जागी उणे आणि उण्याच्या जागी अधिक होणं)."

"पण मग बांगड्या का नाही गेल्या? आणि हुंकार?"

"पाळण्याभोवती कोण कुठे उभं होतं, अक्काला विचार."

आत्याआजीने बोटाने दाखवलं. डावीकडे बांगडीवाली मावशी. बाळाचं तोंड उजवीकडे. आणि ती स्वतः उशाशी, मधोमध. आत्याची जागा तीच.

केतकीला कळलं. बांगड्या एका बाजूला जोरात होत्या, दुसरीकडे जेमतेम. पाचातून एक गेला तरी चार उरतात. हुंकाराचंही तसंच, आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या करकरणाऱ्या कड्यांचंही. पण आत्याआजी दोघांपासून सारख्या अंतरावर उभी होती. दोन्ही मायक्रोफोनांत ती सारखीच भरली होती. म्हणून सगळ्यांत नेमकी तीच पुसली गेली.

"आत्याआजी, तुझा आवाज गेलेला नाही गं," केतकी तिच्या गळ्यात पडून म्हणाली. "तू दोन्हीकडे आहेस. दोन बाजू एकमेकींशी भांडतायत, एवढंच."

म्हाताऱ्या आत्याआजीने तिच्या पाठीवर हात फिरवला. तिचा विश्वास बसला होता असं काही म्हणता येणार नाही.

दुरुस्ती अगदी सोपी निघाली. केतकीने खालची ओळ निवडली आणि 'उलटवा' म्हटलं. उजव्या बाजूचे सगळे अधिक उणे झाले, सगळे उणे अधिक. दऱ्यांचे डोंगर झाले. मग तिने हेडफोन लावला. सकाळपासून आत्याआजीचा आवाज डोक्याच्या मागून, कुठून तरी पसरून येत होता. ते तिला जरा विचित्र वाटलं होतं, पण जुनी सीडी अशीच असेल म्हणून ती गप्प बसली होती. आता तो अगदी समोरून आला, नाकाच्या रेषेत, जशी काही तीच पाळण्यात निजली होती आणि उशाशी आत्या उभी होती. डोळे उघडावेसे वाटेनात. बऱ्याच वेळाने तिने डावाउजवा मिळवून मोनो केला आणि ढब्बूला दिला.

ढब्बूच्या पोटावरचा हिरवा दिवा लागला. "कड्या आहेत. बांगड्या आहेत. हुंकार आहे. आणि बाई आली," तो म्हणाला. "मोठ्याने गाते आहे."

संध्याकाळी पौर्णिमेचा चंद्र डोंगरामागून वर आला. अंगणात पाळणा, पाळण्यात वरवंटा, बाजूला ढब्बू आणि चंद्राशी बोलायचा छोटा ध्वनिसंच. केतकीने गाणं सोडलं. इथून निघालेला आवाज तिथे पोचायला सव्वा सेकंद, तिथला इथे यायला सव्वा सेकंद. त्या अडीच सेकंदांत कुणी श्वासही घेतला नाही.

"आत्या!" काकाचा आवाज आला. मग त्याच्या मागून एक बारीक हुंकार आला. आजोबांनी हळूच सांगितलं, की हा सीडीवरचा नव्हे, हा नवा.

"हिला कळतंय का हो, आत्याआजी कुठे उभी आहे ते?" केतकीने आजोबांना विचारलं.

"अजून नाही. एका ध्वनिमार्गातून कोण गातंय ते कळतं, कुठून ते नाही. पण पुढच्या वर्षी दुसरा मार्ग सुरू होणार आहे. मग ही मान वळवून तुला शोधेल."

"आणि ढब्बूला दुसरा कान बसवू या?"

"बसवू या. पण तारा बघून जोड हं," आजोबा म्हणाले.

आत्याआजी ध्वनिसंचापाशी वाकली. कानात नाव सांगायला मोठा आवाज लागतच नाही. "कुर्रर्र," ती कुजबुजली, "कौमुदी." दोनदा सांगितलं. चंद्रावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. केतकीने पाळणा पुन्हा पहिल्यापासून लावला आणि झोका द्यायला सुरुवात केली. एकदा ढकल, एकदा ओढ.

ढब्बूचा हिरवा दिवा मिणमिणू लागला.

"काहीतरी गडबड आहे," तो म्हणाला. "आता दोन बाया गातायत."

"परत बिघडलं?" केतकी घाबरून ध्वनिसंचाकडे धावली.

"सीडीवर एकच आहे. दुसरी इथे आहे, पाळण्याच्या उशाशी. आवाज खरखरीत आहे, पण सुरात आहे."

केतकीने मागे वळून पाहिलं. आत्याआजीचे डोळे चंद्राकडे होते आणि ओठ हलत होते. आपण गातोय हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.