नवसाचं नाव

केंदूरच्या माळावर संपत पहिल्यांदा आला तो मेंढरांना लस टोचायला. गुरांच्या दवाखान्यात मदतनीस, गाव वरवंड, नोकरी लागून जेमतेम दोन महिने झालेले. हातातल्या यादीत नाव होतं— खंडू गेणबा, मेंढरं साठ. कळपाजवळ उभं राहून त्यानं हाक मारली, "ओ खंडूभाऊ!"

मेंढरांतून एक मुलगी उठली. ड्रेसच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, काखेत कोकरू.

"बोला की."

"तुम्ही न्हाई... खंडू पाहिजे."

"मीच खंडू. मिशा न्हाईत म्हणून वळखू येईना व्हय?"

संपतनं यादी पुन्हा वाचली. तिच्या डोळ्यांत मात्र हसू मावत नव्हतं.

नावाची गोष्ट अशी, की गेणबाचे दोन मुलगे पाळण्यातच गेले. तिसऱ्या खेपेला त्यानं खंडोबाला बोलून टाकलं— हे लेकरू जगू दे, तुझंच नाव ठेवतो. पोरगा झाला तर, एवढं म्हणायचं घाईत राहूनच गेलं. झाली मुलगी, आणि जगली! देवाला दिलेला शब्द फिरवायचा कसा? बारशाला आत्यानं कानात खंडू म्हटलं ते म्हटलंच. पुढं दुसरं लेकरू झालं नाही, आई गेली, आणि गेणबानं तिला नावाप्रमाणंच वाढवलं. लोकर कातरायची ती, बाजारात बोकडाचा सौदा करायची ती, आणि पंगतीला बापाशेजारी पुरुषांत बसायचीही तीच.

त्या दिवशी ती एकेक मेंढरू धरत होती, तो टोचत होता. टोचून झालं की पाठीवर निळ्या रंगाचा ठिपका. साठ मेंढरांत दोघांची बोटं किती वेळा एकमेकांना लागली, देव जाणे.

"गालाला रंग लागलाय तुमच्या," तो हळूच म्हणाला.

"टोचल्यावर लावता ना रंग? मला कुठं टोचलंय?"

"टोचलंय ते मला..."

ती लाजली. लाजणं तिच्या अंगवळणी नव्हतं, म्हणून रागावल्यासारखी कोकराशी बोलत बसली.

मग काय! कधी लंगडी मेंढी बघायला, कधी विसरलेला थर्मामीटर न्यायला, संपतच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या वर्षी गेणबाच्या मेंढरांइतकी निगा अख्ख्या तालुक्यात कुणाच्या मेंढरांची झाली नसेल. श्रावणातल्या भुरभुरीत एका घोंगडीखाली बसून ती विचारायची, "डॉक्टर, आज कोण आजारी?"

"मीच," तो म्हणायचा. मग थोडं थांबून, "तुझं नाव मला लई आवडतं, खंडू."

"लोक तर हसत्यात."

"हसू दे. मला हाक मारताना बरं वाटतं."

आपल्या नावावर कुणाचा जीव जडेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. त्या रात्री तिनं भाकरी दोनदा करपवली.

दिवाळी झाल्यावर संपत मामाला, सोपानरावांना, घेऊन मागणी घालायला आला. गेणबाला तेव्हा डोळ्यांनी जवळजवळ दिसेनासं झालं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"सोपानराव, पोरी नांदाय जात्यात. ह्यो आमचा पोरगा हाय. त्यो दिल्यावर म्या कुणाच्या दारात बसायचं?"

"मग मीच येतो हितं राहायला," संपत म्हणाला.

"आन् तुझी आई?" सोपानमामांनी विचारलं. "तिला तुझ्याबिगर कोण हाय?"

दोन घरं, आणि दोन्ही घरचे एकुलते एक पोरगे. लग्न जमायचं कसं?

गेणबा शेवटी म्हणाला, "खंडू, तूच सांग. जायचं का तुला?"

ती उंबऱ्यावर होती. बाप तिच्याकडे बघायचं म्हणून भलतीकडेच, भिंतीकडे बघत होता. तिचं काळीज तुटलं.

"न्हाई आबा. म्या कुठं जाऊ?"

तिनं एकदा तरी वर बघावं म्हणून संपत थांबला... ती बघू शकली नाही.

तीन वर्षांनी, दोन हजार एकमध्ये, तो पुन्हा दारात आला. थोडा सुटलेला, हातात पेढ्यांचा पुडा. मधल्या काळात अंकिताशी त्याचं लग्न झालं होतं.

"बारशाचं आवतन हाय. पोरगी झाली."

"अंकिता बरी हाय ना?"

"बरी हाय." तो घुटमळला. "नाव ठरवलंय. खंडू. नवस बोललोय म्हणून सांगितलं घरात. तू न्हाई आलीस... निदान ही हाक तरी माझ्या घरात राहू दे."

तिला इतका आनंद झाला, की त्या आनंदाचीच भीती वाटली. किती तरी वेळ ती पुड्याच्या दोऱ्याशी चाळा करत राहिली.

"नका ठेवू," ती म्हणाली. "पोरीचंच नाव ठेवा तिला. उद्या तिला कुणी आवडला, तर जाता यावं तिला."

संपतचा चेहरा उतरला. "म्हंजी तवा... तुला यायचं व्हतं?"

"व्हय," ती म्हणाली. "उंबऱ्यावर चपला घालूनच बसले व्हते मी."

आतून गेणबानं पाणी मागितलं, आणि ती उठून आत गेली.