जिन्यावरचा दिवा

लोणावळ्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दत्तोबाचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. ‘भूत म्हणजे सैल जोडणी,’ असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि बहुतेक वेळा तसंच निघायचं. म्हणूनच मळवलीच्या बंगल्यातला दिवा आपोआप लागतो म्हटल्यावर तो पान चघळत, हसतच तिथे पोचला.

जिन्यावरचा दिवा लांबून लावायचं यंत्र मुंबईच्या मालकांनी परदेशातून आणलं होतं, लीलाबाई गेल्यावर. लीलाबाई म्हणजे बंगल्याच्या राखणदाराची, कोंडाजीची बायको. दिवेलागणीला वरच्या खिडक्या लावून उतरताना अंधारात जिन्यावरून पडली ती उठलीच नाही. दिव्याचं बटण जिन्याच्या तळाशी होतं. आता हातात मावणारी डबी वरूनच दाबायची. आतली हातोडी धातूच्या कांडीवर बसे, माणसाच्या कानाला न कळणारा बारीक आवाज निघे, जिन्याखालची पेटी तो ऐके आणि दिवा लागे. मध्ये तारेचा पत्ताच नाही! पण हल्ली कुलूपबंद बंगल्यात रोज तिन्हीसांजेला दिवा दिसत होता, आणि कोंडाजी आत पाव्हणे घेऊन बसतो असं मालकांच्या कानावर गेलं होतं. शनिवारी ते येणार होते. कारण सापडलं नाही, तर कोंडाजीनं आपली खोली रिकामी करायची होती.

दत्तोबानं पेटी तपासली, डबी तपासली. मग काय सुचलं कुणास ठाऊक, जिन्याशेजारच्या खिळ्यावरचा आतल्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन त्यानं खळखळ हलवला. दिवा लागला.

“हे घ्या आबा, तुमचं भूत! किल्ल्याही तसलाच आवाज काढतात. संध्याकाळची आगगाडी गेली की खिळ्यावरचा जुडगा हलत असणार.”

कोंडाजी मान हलवत राहिला. “किल्ल्यांचं न्हाई वो मिस्त्री. ती उतरती. पायात जोडवी हायती न्हवं? सवाष्ण गेली, जोडव्यांसकट पोचवली.”

दत्तोबाला म्हाताऱ्याची कीव आली. पण कीव वेगळी आणि काम वेगळं. जुडगा फडक्यात घट्ट गुंडाळून त्यानं खिशात टाकला, आणि दोघं जिन्यासमोर बसून राहिले.

गाडी आली, तावदानं थरथरली, गाडी गेली. अंधारच. दत्तोबानं मिशीला पीळ दिला.

मग दिवा लागला.

“आली,” कोंडाजी म्हणाला. त्याचा चेहरा निवला होता.

आपलं निदान चुकलेलं दत्तोबाला खपत नसे. तो तणतणत उठला आणि जिन्याखाली वाकला.

“मिस्त्री, आत्ता नगं! अर्ध्या जिन्यात आसंल ती!”

दत्तोबानं पेटीची वायर उपटली.

गुडुप अंधार झाला. त्याच्या डोक्यावरच्या पायरीवर जोडवी वाजली. थांबली. कुणीतरी पाय पुढे करून पायरी चाचपत होतं.

मग काहीतरी जड गडगडत खाली आलं आणि त्याच्या खांद्याशी येऊन थांबलं.

कोंडाजीनं काडी ओढली. जिना रिकामा होता. तरी तो शेवटच्या पायरीशी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, “लय लागलं का गं?”

दत्तोबानं चाचपडत वायर परत जोडली. एवढी लाज त्याला जन्मात कधी वाटली नव्हती.

शनिवारी त्यानं मालकांसमोर जुडगा हलवून दाखवला आणि छातीठोकपणे सांगितलं, गाडीनं किल्ल्या हलतात, कोंडाजीचा काही दोष नाही. मालक हसले. खोली राहिली, पेटीही राहिली. ते दुपारच्या गाडीनं परत गेले; दत्तोबाला मात्र कोंडाजीनं चहाला थांबवून घेतलं.

संध्याकाळची गाडी गेली. दिवा लागेना. चहा निवून गेला.

बऱ्याच वेळानं लागला. कोंडाजीनं दिव्याकडे पाहिलं नाही, दत्तोबाकडे पाहिलं.

जिन्यावर एकाच पायाची जोडवी वाजत होती. दुसरा पाय फरफटत होता.